रविवारची साक्ष

"साहेब, याकोब रविवारी साक्ष देनार हाय!"

कंपनीच्या बसचा ड्रायव्हर, खुटबावचा रामा कोकरे, केबिनच्या दारातून हे बोलला आणि माझ्या कपातला चहा बशीत उतरला.

नव्वदीच्या अखेरची गोष्ट. रांजणगावच्या एका कारखान्यात मी पर्सोनेल ऑफिसर होतो. म्हणजे कामगारांची भरती, रजा आणि रडगाणी माझ्याकडे. याकोब आमचा प्रेस ऑपरेटर. प्रेस म्हणजे एका ठोक्यात पत्र्याला आकार देणारं मशीन. चार महिन्यांपूर्वी त्याच ठोक्यात त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. डॉक्टरांनी 'लाइट ड्यूटी'चा, म्हणजे बसून करायच्या हलक्या कामाचा दाखला दिला होता. तसं काम एकच होतं, इन्स्पेक्शन टेबलावर. पण तिथं दर तासाला रिपोर्ट लिहावा लागे. 'लिहिता येणार नाही' असा शेरा मारून मी त्याचा अर्ज ड्रॉवरमध्ये घातला होता.

"कुणापुढं साक्ष?"

"लई लोकं येनार हायेत म्हनं. बोटं गेल्यापासनं काय काय झालं, समदं सांगनार."

मी जीएमकडे धावलो. ते खुर्चीतून उठलेच.

"कोर्ट रविवारी कसं चालतं?"

"युनियनची सभा असेल, सर."

"तुम्ही जा. राजीनामा टाइप करून न्या. गोड बोलून सही घ्या."

"कुठल्या हाताची, सर?"

"जगदाळे, जोक नको!"

रविवारी दौंडला गेलो. रामानं दिलेल्या पत्त्यावर, रेल्वे वसाहतीमागे, चक्क चर्च निघालं. शेवटच्या बाकावर, ब्रीफकेस मांडीवर घेऊन बसलो. पाळक, म्हणजे तिथले धर्मगुरू, म्हणाले, "आता याकोबभाऊ साक्ष देतील."

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. देवानं संकटात कसं सांभाळलं, ते चारचौघांत सांगायचं, त्याला ही मंडळी साक्ष म्हणतात! सुटलो, असं वाटलं. घटकाभरच.

याकोब उभा राहिला. "पहिला महिना मी देवाशी बोललोच न्हाई. भिंतीकडं तोंड करून पडायचो. माझी बायको, मार्था, एकटीच प्रार्थना करायची. मग तिनं वही दिली. म्हणाली, डावा हात देवानं ठेवलाय न्हवं? रोज बायबलातलं एक स्तोत्र उतरवून काढा. उतरवता उतरवता मी परत त्याच्याशी बोलायला लागलो."

तीन वह्या बाकाबाकांवरून माझ्यापर्यंत आल्या. पहिल्या पानावर मुंग्या सैरावैरा पळत होत्या. तिसऱ्या वहीतलं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं! मी गारच पडलो.

"एक मागणं बाकी हाय," याकोब म्हणाला. "आमच्या जगदाळे साहेबांचं मन मऊ व्हावं म्हणून मंडळी दोन महिने प्रार्थना करतीया. सोडू नका."

"आमेन!" अख्खं चर्च गरजलं.

शेजारच्या आजीबाईंनी मला कोपर मारलं. "तुमी बी म्हना की. नवीन हायसा? नाव काय?"

माझ्या तोंडून निघालं, "कोकरे."

"अगं बया, मंजे कोकरूच की!" आजीबाई खूश.

इतक्यात याकोबची नजर पडली. "अरे, जगदाळे साहेब! तुम्ही?"

पुढचं दृश्य वर्णन करण्याची माझी तयारी नाही.

राजीनाम्याच्या कोऱ्या बाजूवर मी याकोबला एका तासाचा रिपोर्ट लिहायला लावला. स्वच्छ, सुवाच्य, डाव्या हातानं. सोमवारी तो कागद जीएमपुढे ठेवला.

"दिली साक्ष?"

"दिली, सर. भर सभेत. माझं नाव घेऊन."

"बाप रे! पाठीशी कोण आहे त्याच्या?"

"फार वरचा आहे, सर."

जीएमनी इन्स्पेक्शनच्या ऑर्डरवर उभ्या उभ्या सही केली. मी एक अक्षर खोटं बोललो नव्हतो.

तेव्हापासून 'लिहिता येणार नाही' असा शेरा मारण्याआधी मी माणसाच्या हातात पेन देतो.

इन्स्पेक्शन टेबलावरच्या पहिल्याच दिवशी याकोबला म्हटलं, "आता प्रार्थनेच्या यादीतून माझं नाव काढा बाबा."

तो मान खाली घालून रिपोर्ट लिहीत होता. "काढत होतो, साहेब. पण आजी न्हाई म्हणल्या. चर्चमधी बसून खोटं नाव सांगतो त्यो माणूस, म्हणल्या. त्याला अजून लई गरज हाय."