लहानूनं सरळ केलेली खुर्ची

कॉटन मार्केटच्या मागच्या अंगाला लहानूचं जुन्या फर्निचरचं दुकान होतं आणि समोरच माझं कांदा-बटाट्याचं. मी भाव सांगून गिऱ्हाईक मोकळं करायचो. हा बाबा मात्र साधी तिपाई विकत घेतानाही विकणाऱ्याच्या घरची सगळी हकिकत ऐकायचा. हिच्यावर कोण बसायचं, आता काहून विकून राहिले, सगळं. एकदा एका कपाटाच्या पाठीवर खिळ्यानं ओरखडलेल्या तारखा दाखवायला त्यानं मला तासभर अडकवलं. इकडे गाईनं माझे बटाटे खाल्ले. मला रागच आला होता. पण खरं सांगायचं तर त्याच्या गोष्टी ऐकायला मीच दिवसातून चारदा रस्ता ओलांडायचो.

त्याला गर्व एकाच गोष्टीचा होता. त्याच्या दुकानातली खुर्ची कधी डुगडुगायची नाही.

चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात कामठीचा एक पोरगेला माणूस सागवानी हाताची खुर्ची घेऊन आला. त्याला बस पकडायची होती. लहानूनं तोंड उघडायच्या आत तो पैसे घेऊन गेलासुद्धा. खुर्चीचा पुढचा उजवा पाय इतर पायांपेक्षा आखूड होता. लहानूनं त्याच संध्याकाळी बाकीचे तीन पाय कापून ती सरळ केली. त्याच्या बायकोनं, पंचफुलानं, ते तुकडे चुलीत घातले.

आठ दिवसांनी तुळसाबाई नावाच्या बाई दुकानं धुंडाळत आल्या. खुर्ची पाहून त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी उजवा कोपरा हातानं दाबून पाहिला. खुर्ची हलली नाही, तशा त्या तिथंच खाली बसल्या आणि रडायला लागल्या.

त्यांचे यजमान शालिकराम विणकर. पडल्यापासून त्यांचा उजवा गुडघा वाकत नव्हता. मोहल्ल्यातल्या सुतारानं मुद्दाम तो पाय कापून दिला होता. उजवीकडे झुकलं की खुर्ची पुढं कलायची आणि त्या झोक्यावर म्हातारा एकटा उठायचा. तुळसाबाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या, आणि मुलानं मोडकी समजून खुर्ची विकली, वडिलांसाठी नवी लोखंडी आणली. आता दोघं जण धरून त्यांना परसातल्या संडासात नेत आणि दार उघडं ठेवून उभे राहत. त्या लाजेनं त्यांनी जेवणच कमी केलं होतं.

"सगळ्याईले विचारतो मी," लहानू मला म्हणाला. "ह्याच खुर्चीचं काही विचारलं नाही गा."

रविवारी सकाळी आम्ही दोघं खुर्ची बसच्या टपावर टाकून कामठीला गेलो. लहानूनं चारही पायांना सागाचे ठोकळे जोडले आणि उजवा पाय थोडाथोडा तासायला घेतला. जुनं माप जळून गेलेलं, तेव्हा माप म्हाताऱ्याच्या अंगावरूनच घ्यायचं होतं. तासायचं, बसवायचं, झुकायला सांगायचं. सहाव्या खेपेला शालिकराम वैतागले. मी माणूस आहो का लाकूड, म्हणाले. लहानू मात्र जमिनीला गाल लावून पायाखालची फट पाहत होता. ह्या खोलीत आपण सोडून कोणी आहे हे तो विसरलाच होता.

मग काय झालं कोण जाणे, म्हाताऱ्यालाही त्यात गोडी वाटायला लागली. "अजून एक सूत लाकूड काढ," ते म्हणाले. काढलं. "आणखी अर्धं."

दुपार होत आली होती. ते बसले, उजवीकडे झुकले. खुर्ची हळूच कलली आणि शालिकराम उभे राहिले. तुळसाबाई सवयीनं धरायला उठल्या.

"बस वं तू," ते म्हणाले. "मी जातो."

त्यांनी टमरेल उचललं आणि काठी टेकत मागच्या दारानं बाहेर पडले. काठीचा आवाज थांबला. थोड्या वेळानं परसातल्या संडासाची आतून कडी लागल्याचा आवाज आला, आणि तुळसाबाईंनी तोंडाला पदर लावला.