तीन उंदीर वाचले

शीलाताई माझी मोठी नणंद. तिने लग्न केलं नाही असं लोक म्हणतात. खरं तर नेरच्या पाहुण्यांनी ठरलेलं मोडलं. मुलगी उंदरांना कॅन्सर देते म्हणे! देतेच. लोहाऱ्याच्या एका खासगी प्रयोगशाळेत तिची ती नोकरीच आहे. रक्ताच्या कॅन्सरच्या पेशी उंदरांच्या शेपटीतल्या शिरेत सोडायच्या. कुणाला लाख, कुणाला हजार, कुणाला नुसत्या दहा. किती कमी पेशींतून रोग उभा राहतो, ते पाहायचं. त्यावरून त्या पेशींची ताकद कळते. पण आमच्या दारव्ह्यात हे कुणाला सांगता? आमच्या गल्लीत तिला 'उंदीरवाली' म्हणतात, आणि म्हणणारेच आपली पोरं तिच्याकडे बायोलॉजी शिकायला पाठवतात. तेही फुकट.

गेल्या वर्षी माझ्या अर्पिताला रक्ताचा कॅन्सर निघाला, तेव्हा तर कहरच झाला. ताईनेच तो कपड्यांतून घरी आणला म्हणे! शेजारची धुरपताबाई आमच्याच ओट्यावर बसून, माझाच चहा पीत हे बोलली. असा चिकटतो का कॅन्सर? ताई अर्पिताला घेऊन नागपूरला निघाली. मला मात्र त्या बाईच्या हातातली कपबशी फोडावीशी वाटली.

उपचार लागू पडले. पोरीचे केस आले, रिपोर्ट चांगला आला. डॉक्टर म्हणाले, गोळ्या अजून वर्षभर चालू ठेवा. पण गोळी घेतली की ती ओकायची, आणि माझा नवरा अमर पडला हळवा. त्याने मला न विचारता गोळ्या बंद केल्या. मला कळलं तेव्हा मी ताईला फोन केला. ती ड्युटीवरून तशीच आली.

"काहून बंद केल्या?"

"रिपोर्टमदी काही नाई ना, ताई. कायले त्रास द्याचा पोरीले?"

"रिपोर्टले दिसत नाई, एवढ्याश्या पेशी उरू शकतात. मी पाच उंदराइले दहा-दहाच पेशी देल्या होत्या. दोन गेले."

"म्हंजे तीन वाचले ना!" अमरचा चेहरा एकदम उजळला. माझं डोकंच फिरलं. वर म्हणतो कसा, "अन् माही पोरगी का उंदीर हाय?"

"नाई. म्हणूनच सांगून राह्यली."

मग अमरनेच विचारलं, "त्या तिघाइचं काय झालं?"

"मारले," ताई म्हणाली. "वरून चांगले दिसत होते. हाडं उघडून पाहाची होती. एकाच्या हाडात रोग निघाला. उंदराले मारून पाह्यता येते, अमर. अर्पिताचं कसं पाहू? सांग ना, कसं पाहू?"

अमर उठला. कपाटावर टाकलेलं गोळ्यांचं पाकीट त्याने काढलं आणि मला म्हणाला, "पानी आन."

मी जागची हलले नाही.

"तुमीच आना," मी म्हटलं. "अन् ते ओकली, तं तुमीच पुसा."