नेट सोडणारा कोंडाजी

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत न्हाई. पन अख्खी वाडी त्यास्नी 'पान्याचा कोंडाजी' म्हनती, तवा एकदाच सांगते आनि मोकळी व्हते. मी तुळजाबाई, त्यांची बायको. माणच्या अलीकडं आमची वाडी. जमिनी आयटी पार्कात गेल्या, उरल्या तुकड्यावर आमी घर चढवलं, खोल्या काढल्या आनि कंपनीतली पोरंपोरी भाड्यानं ठिवली. पन ह्येंचा जीव खोल्यांत कधीच न्हवता. ह्येंचा जीव पान्यात.

उभा जल्म ह्येंनी गावाला पानी सोडलं. कमरंला व्हॉल्व्हची चावी, सायकलीवर टांग, आनि आळीआळीनं पानी. वरच्या आळीचं भरलं की ती बंद, खालची चालू. सरपंचाच्या घरी लगीन असलं तरी जरा म्हनून जास्त न्हाई. माझा सख्खा भाऊ खालच्या आळीला ऱ्हायचा. त्याच्या पोरीच्या हळदीला पिंप कोरडं पडलं, तरी ह्येंनी चावी फिरवली न्हाई. भाऊ वर्सभर आमच्या दारात आला न्हाई. मी लई भांडले, पन मनातनं अभिमानच हुता. असा सरळ मानूस शोधून सापडायचा न्हाई, असं मी चारचौघींत सांगत फिरायची.

एकच खोड. पानी आलं न्हाई म्हनून एखादी बाई घागर घिऊन दारात आली, की ह्ये तिच्या तोंडाकडं न बघता म्हनायचं, "वरनंच आलं न्हाई." टाकी गळ्यापतोर भरलेली असू द्या, पाळी दुसऱ्या आळीची असू द्या, उत्तर त्येच. मी इचारलं, असं का सांगता, तर म्हनलं, "खरं सांगितलं की लोक वशिला लावत्यात." बाया मग त्या वरच्याला शिव्या घालत घरी जायच्या. मला हसू यायचं. गावात त्ये खपून गेलं.

ह्ये रिटायर झालं आनि चावी दुसऱ्याच्या हातात गेली. लई दिस मानूस भिताडाकडं बघत बसायचं. त्याच सुमाराला खोल्यांत नेट आलं. वायरवाल्यानं खाली पडवीत एक डबा बसवला आनि त्यातनं येकेक वायर येकेक खोलीत नेली. सगळी पोरं येकदम बसली की नेट मंद व्हायचं. मग भांडनं. ह्यो पिच्चर बघतुया, त्यो गेम खेळतुया, आमचं काम अडलंय. ह्येंनी काय दिस नुसतं ऐकलं. मग सुताराकडनं त्या डब्याला पेटी करून घेतली, कुलूप घातलं आनि चावी कमरंला लावली. म्हातारं पुन्यांदा ताठ चालाय लागलं.

घटकाघटकानं पेटी उघडायची, ह्या खोल्यांच्या वायरी काढायच्या, त्या खोल्यांच्या लावायच्या. पोरांना पत्ताच न्हाई. नेट जातंय, येतंय, त्यास्नी वाटायचं आसंच आसतंय. मी म्हनलं, "अवो, सांगा तरी त्यास्नी." तर माझ्यावरच खेकसलं, "तुला काय कळतंय? सगळ्यास्नी सारखं मिळतंय, बास." जित्याची खोड मेल्याबिगर जात न्हाई, म्हनून मी नाद सोडला. म्हातारं खूश हाय, मला तेवढं पुरं हुतं.

वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत अपेक्षा नावाची पोरगी ऱ्हायची. नंदुरबारकडची. बाप लहानपनीच गेलेला, आई शाळंत पोरांची खिचडी शिजवती. हिची नोकरी नवी, अजून कच्ची. खोलीतनंच काम करायची. पहिलं काम पसंत पडलं तर साहेब पक्की करनार हुता, आनि पक्की झाली की आईला हिकडं आननार हुती. माझ्या मांडीवर डोकं ठिवून सांगितलं हुतं तिनं त्ये. शेजारच्या खोलीत रोहित, त्याच कंपनीतला.

येक दिस पोरगी खाली आली ती तोंड एवढंसं करून. मी इचारलं, काय झालं गं.

"आजी, माझा प्रोग्राम तयार आहे. माहितीसुद्धा डेटाबेसमध्ये नीट भरलेली आहे. पण या दोघांना जोडायला एक लायब्ररी लागते, कनेक्टर म्हणतात तिला. ती काही केल्या इन्स्टॉलच होत नाहीये."

ह्ये सुपारी कातरत बसलं हुतं. म्हनलं, "म्हंजी टाकी हाय, नळ हाय, मधला पायपच न्हाई."

"अगदी तसंच, बाबा," म्हनली पोरगी आनि हसली. ह्येंनाबी लई बरं वाटलं. आपल्यातलंच काम हाय की, असं तोंड केलं.

मग रोज खाली आली की मी इचारायची, बसला का पायप? ती सांगायची. त्यो कनेक्टर तिच्या कम्प्युटरात तयार व्हायला आधी दुसरं भलंमोठं सामान नेटवरनं उतरवून घ्यावं लागायचं. त्ये निम्मं यायचं आनि थांबायचं. निम्मं तसंच पडून ऱ्हायचं. पुन्यांदा घ्याय गेलं की कम्प्युटर म्हनायचा, हाय की आधीच. आनि कनेक्टर बसवाय गेलं की त्योच कम्प्युटर म्हनायचा, लागनारी फाइल सापडत न्हाई. मग सगळं पुसायचं, पुन्यांदा पहिल्यापासनं. पायथॉन का काय त्ये जुनं घालून बघितलं, नवं घालून बघितलं. नेटवर लोकांना इचारलं, तर धा जनांची धा उत्तरं. पोरीला वाटाय लागलं, आपल्यालाच येत न्हाई. "एवढं साधं इन्स्टॉल जमत नाही मला, आजी. कुणाला विचारायचीही लाज वाटते." जेवायची न्हाई धड. मी ताटात भाकरी वाढायची आनि ती चिवडत बसायची.

मोबाइलवर करावं तर आमच्याकडं रेंज न्हाई. पुढं बिल्डरानं उंच इमारती हुब्या केल्यापासनं नुसतं फाटकापाशी बोलन्यापुरतं येतंय.

शेवटी पोरीनं हेरलंच. साहेबाला काम दाखवायच्या दिशी सकाळीच खाली आली आनि सरळ इचारलं, "बाबा, दर वेळी मधेच नेट जातंय. खालून काही बंद होतं का हो?"

चावी ह्येंच्या कमरंलाच हुती. मी शेगडीपाशी हुते, पेटी मला दिसत हुती. वाटलं, आता तरी सांगतील.

"न्हाई पोरी," ह्ये म्हनलं, "वरनंच येत न्हाई."

आनि मी? मी तोंडात मिठाची गुळनी धरली. नवऱ्याला पोरीपुढं खोटं कसं पाडायचं, असं मला वाटलं. माझी अक्कल काय शेन खायाला गेली हुती, कुनास ठावं.

पोरीनं इश्वास ठिवला. साहेबाला तसंच कळवलं, आमच्या भागातलं नेट वरूनच बंद आहे, आज काम दाखवता येणार नाही. साहेबाचं नाव अमोघ. त्यानं रोहितला इचारलं, तू त्याच घरात राहतोस ना, तुझं कसं काय? रोहित म्हनला, माझं तर चालू आहे, सर. त्यो बी खरंच बोलला. त्या येळंला पाळी त्याची हुती.

दुपारी पोरगी फाटकापाशी आईशी फोनवर बोलत हुती. ह्ये बाजंवर पडलेलं, मी तांदूळ निवडत हुते. सगळं ऐकू येत हुतं. "आई, काम आलं नसतं तरी चाललं असतं, सर म्हणाले, शिकवलं असतं. पण खोटं बोलणारी माणसं नकोत म्हणाले. उद्यापासून येऊ नको म्हणाले. मी खोटं नाही गं बोलले, आई. तू तरी विश्वास ठेव."

ह्ये उठून बसलं. ह्येंचं तोंड मी इतक्या वर्सांत तसं बघितलं न्हवतं. पाय खाली सोडलं, चपला शोधल्या, पुन्यांदा तसंच बसलं. त्या दिशी भाकरीला हात लावला न्हाई. मीबी सोडलं न्हाई. "पानी चोरलं आसतं तर येक येळ चाललं आसतं, तुमी त्या पोरीचा शबूद चोरला. सकाळी तिला सांगितल्याबिगर मला तोंड दावू नका." बोलत हुते ह्येंना, पन मलाबी त्ये लागत हुतं.

सकाळी पोरगी बॅग भरत हुती, तिला खाली हाक मारली. ह्येंनी पेटी उघडून दाखवली, वायरी दाखवल्या, सगळं सांगितलं. पोरगी वरडली न्हाई. नुसतं म्हनली, "बाबा, मी सरळ विचारलं होतं तुम्हाला."

वरडली आसती तर बरं झालं आसतं.

"फोन लाव तुज्या साहेबाला," ह्ये म्हनलं. "मी सांगतो." ती नको म्हनत हुती, पन ह्ये हट्टाला पेटलं. तिघंबी फाटकापाशी गेलो. तिनं फोन लावला, आवाज मोठा केला आनि ह्येंच्या पुढं धरला.

"सायब, मी खोल्यांचा मालक कोंडाजी. पोरीची काय चूक न्हाई. नेट मीच काढत हुतो. येकाची वायर काढायची, दुसऱ्याला लावायची, पाळीनं. तिनं इचारलं तवा मी खोटं बोललो."

पलीकडनं साहेब म्हनला, "बाबा, नेट काय पाणी आहे का पाळीनं सोडायला? तिनं तुम्हाला हे बोलायला सांगितलंय का?"

"न्हाई सायब, देवाशप्पत न्हाई."

"या वयात खोटं कशाला बोलता, बाबा? माझं ठरलंय."

ह्येंनी डोक्यावरची टोपी काढली. फोनपुढं हात जोडलं. "सायब, तुमच्या पाया पडतो. पोरीचा बाप न्हाई. म्हाताऱ्याला काय बी बोला, पन तिला..." कुनापुढं मान न वाकवलेला मानूस, नातवाच्या वयाच्या पोराला सायब सायब म्हनत फोनपुढं वाकला हुता. रस्त्यानं जानारं येनारं थांबून बघत हुतं. हात दाखवून अवलक्षन झालं.

अपेक्षानं ह्येंच्याकडं बघितलं, टोपीकडं बघितलं. मग फोन आपल्या तोंडापाशी नेला.

"सर, हो. मीच सांगितलं होतं त्यांना असं बोलायला. सॉरी."

आनि फोन बंद केला.

"अगं पोरी, काय केलंस ह्ये?" मी म्हनलं.

"आजी, बाबांना तसं बघवेना मला," ती म्हनली आनि बॅग आनायला वर गेली.

खोटं बोलती म्हनून जिची नोकरी गेली, ती पोरगी खोटं बोलली त्ये तेवढंच. आनि त्ये बी आमच्या म्हाताऱ्याची लाज ऱ्हावी म्हनून. ह्ये तितंच फाटकाला धरून हुबं ऱ्हायलं. आत या म्हनायला माझी जीभ रेटंना.