ज्युलियाचं उंबराचं पाणी

सेराफिनाच्या पायाला भिंगरी होती, आणि ती भिंगरी नेहमी वॉर्ड ऑफिसच्या दिशेनं फिरायची. अंधेरीच्या पूर्वेला, कारखान्यांच्या भिंतींमध्ये चेपून बसलेल्या त्यांच्या गावठाणात काही बिनसलं की बायका म्हणायच्या, "सेराफिनाला सांगा." क्रुसासमोरचा दिवा गेला, सेराफिना. कचरा उचलला नाही, सेराफिना. रस्त्यात कुत्रं मरून पडलं, तेही तिच्याच नावावर. खरं तर तिला सांगायची गरजच नसायची. वाकडं दिसलं की ते सरळ होईतो तिला घास गोड लागत नसे. अशा माणसाला लोक घरात नावं ठेवतात आणि बाहेर पुढे करतात, तसंच तिचंही झालं होतं. नवरा रोझारिओ कारखान्यातून यायचा, जेवायचा आणि आडवा होता होता विचारायचा, "मुन्शिपाल्टी तुझ्या बापाची हाय काय?"

"हाय. घरपट्टी भरतो ना आपण?"

चौऱ्याहत्तरच्या डिसेंबरात तिच्या डोक्यात गटार बसलं होतं. गावठाणाच्या विहिरीला लागून जाणारं ते गटार तुंबून पार कठड्यापर्यंत आलं होतं. विहिरीचं पाणी हल्ली कुणी पीत नसे. भांडी आणि धुणं, एवढाच तिचा उपयोग. पण जानेवारीत ज्युलियाचं, तिच्या एकुलत्या एक लेकीचं लग्न होतं. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी घरच्या बायका बँड लावून, गात गात विहिरीवर जातात, घरातला थोरला पुरुष पहिलं पाणी काढतो आणि त्या पाण्यानं नवरीला आंघोळ घालतात. ते उंबराचं पाणी. सेराफिनाचं स्वतःचं याच विहिरीवर झालं होतं, तिच्या सासूचंही. पाहुण्या बायका नव्या लुगड्यांनी त्या घाणीत उभ्या राहणार, या विचारानं तिनं वॉर्ड ऑफिसची वाट धरली.

वॉर्ड ऑफिसात तक्रारी घेणारा कारकून अंबादास तिला चांगला ओळखत होता. "बाई, गटाराचं खातं वेगळं. त्यांच्याकडे कामं तुंबलीत," तो म्हणाला. मग तिचं तोंड बघून त्यानं आवाज खाली केला. "डास आहेत का तिथं? मग डासांची तक्रार द्या. मलेरिया परत सुरू झालाय, ती माणसं लगेच येतात."

डास होतेच. सेराफिनानं डासांची तक्रार दिली आणि विजयी मुद्रेनं घरी आली.

माणसं खरंच आली. इन्स्पेक्टरनं गटारावर औषध मारून घेतलं, मग विहिरीत दोरीनं डबा सोडला आणि वर आलेलं पाणी उन्हात धरलं. पाण्यात बारीक अळ्या वळवळत होत्या.

"विहीर बंद करावी लागेल. वरून स्लॅब," तो म्हणाला आणि नोटीस लिहू लागला.

"मी गटाराचं बोलले होते, साहेब."

"तुम्ही डासांचं बोललात. डास इथं होतायत."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. संध्याकाळपर्यंत गावठाणभर झालं. थोरला दीर बॅप्टिस्ट, ज्यानं पहिलं पाणी काढायचं, तो ओट्यावरूनच बोलला, "सगळ्या गावाची विहीर, आणि हिनं एकटीनं जाऊन घालवली. आता मी काय नळाची तोटी फिरवू?" आणि त्यानं तिच्याशी बोलणं टाकलं.

सेराफिना तिथं थोडीच थांबणार! दुसऱ्या दिवशी ती पुन्हा वॉर्ड ऑफिसात. अंबादासनं इन्स्पेक्टरशी गाठ घालून दिली. तो काही वाईट माणूस नव्हता. नोटिशीची मुदत लग्नानंतर संपते, शेवटच्या दिवशी स्लॅब टाकू, म्हणाला. ती जवळजवळ पळतच घरी आली. ज्युलियानं तिला मिठी मारली.

तेवढ्यात जया तापली. सेराफिनाच्या घरामागच्या खोलीत मंजुळा भाड्यानं राहायची, खिडकी विहिरीकडे. जया तिची सहा वर्षांची पोर. दुपारी हुडहुडी भरायची, मग अंग भाजायचं, मग घामानं गोधडी ओली. डॉक्टरनं रक्त तपासून मलेरिया सांगितला. मंजुळा विहिरीबद्दल चकार शब्द बोलली नाही. बोलली असती, भांडली असती, तर सेराफिनाला बरं वाटलं असतं. भांडणात ती कुणाला हार गेली नसती. ती पेज घेऊन जायची, पोरीच्या कपाळावर हात ठेवायची आणि खिडकीतून दिसणाऱ्या त्या काळ्या पाण्याकडे बघायची. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. घरी लाडवांचं पीठ भाजताना ते करपलं, तेही तिला कळलं नाही. पलीकडच्या घरातला म्हाताराही तसाच हुडहुडीनं कण्हायला लागला, तेव्हा तिनं चूल विझवली, चपला घातल्या आणि कुणालाही न विचारता निघाली.

"स्लॅब आत्ताच टाका," तिनं इन्स्पेक्टरला सांगितलं. "मुदतबिदत नको."

"मुलीचं लग्न आहे ना तुमच्या?"

"हाय. तुम्ही टाका."

स्लॅब पडला त्या दिवशी ज्युलिया एवढंच म्हणाली, "आय, लग्न माझं होतं ना गो? मला विचारायचं तरी." सेराफिना लाडवांचं पीठ पुन्हा भाजायला बसली.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बँड लागला. नळावर जायचं ठरलं होतं, पण बायकांचे पाय सवयीनं विहिरीकडेच वळले आणि सिमेंटच्या त्या ओल्या-करड्या गोलापाशी गाणं अडलं. बॅप्टिस्ट आला होता, कोट घालून. पुतणीसाठी आला होता. तो नळाकडे गेला आणि त्यानं तोटी फिरवली. तोटीतून नुसती हवा आली. नळ सकाळीच येऊन जातो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, पण गेल्या पन्नास लग्नांत कुणाला नळाची वेळ बघावी लागली नव्हती. घरात पिंप भरलेलं होतं. पण स्वतःच्या घरचं पाणी चालत नाही, ते बाहेरून वाजतगाजत आणावं लागतं.

बँडवाले थांबले. "उद्याच जाते मी वॉर्ड ऑफिसात," सेराफिना म्हणाली, आणि आपण काय बोललो हे तिचं तिलाच कळलं. ज्युलियानं तिचा दंड धरला. "आय, आता बस."

मागच्या खोलीच्या दारात मंजुळा उभी होती. ती आत गेली आणि आपला हंडा कमरेवर घेऊन आली. पितळेचा, काठोकाठ भरलेला. घरातलं दिवसभराचं पाणी. "हे चालेल का?" तिनं बॅप्टिस्टला विचारलं. "सकाळी भरलंय. फडक्यानं झाकलं होतं."

बॅप्टिस्टनं हंड्याकडे पाहिलं, स्लॅबकडे पाहिलं. मग टोपी काढून त्यानं क्रुसाची खूण केली, हंड्यात तांब्या बुडवला आणि पहिलं पाणी ज्युलियाच्या घागरीत ओतलं. बायकांनी गाणं पुन्हा उचललं, पण त्यात विहिरीचं नाव येतं तिथं सगळ्यांचा आवाज उतरला.

सेराफिना गायली नाही. यापुढे गावठाणातल्या प्रत्येक पोरीचं पाणी असंच कुणाच्यातरी हंड्यातलं असणार होतं. दर लग्नात पाहुण्यांपैकी कुणीतरी विचारणार होतं, विहीर कुणी बंद केली. आणि तिथं उभी राहून तिला सांगावं लागणार होतं, मी.