कपाळावरची शिवण

ताई गेली त्या सकाळी मेडिकल कॉलेजची गाडी यायच्या आधीच काकांनी तिरडीचे बांबू मागवले होते. तिनं देहदान केलंय हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण बाईमाणसाचा हट्ट तिच्यासोबतच संपतो, असा त्यांचा समज असावा.

माझी ही थोरली बहीण मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवायची. कवटी दोन्ही हातांनी धरायची, डोळ्यांच्या खोबणीत बोट घालायचं नाही, हा तिचा पहिला धडा. नंतरचा धडा असा की पुस्तकातल्यासारखी कवटी कुणाचीच नसते. कुणाच्या सांध्यांत इवली जादा हाडं, कुणाला एखादं छिद्र कमी. त्याला कुणी ‘दोष’ म्हटलं की भर वर्गात फैलावर घ्यायची.

तिचं स्वतःचं कपाळही तसंच निघालं. लकडगंजात स्कूटरवरून पडली, तेव्हा एक्स-रे पाहून तरुण डॉक्टर गांगरला. कपाळाच्या मधोमध उभी रेघ. ताईनं खाटेवर पडल्यापडल्या फिल्म उजेडात धरली आणि हसली. "फ्रॅक्चर नाही हे. लहानपणी सगळ्यांच्याच कपाळाले मधात शिवण राहते, मग हाड जुळून जाते. माझं जुळलं नाही." घरी येताना मात्र गंभीर झाली. "बापू, आमच्या टेबलावर अशी कवटी एकही नाही गा. माझी ठेवाची. जाळू देऊ नको."

आमच्याकडे चितेवर कवटी फुटल्याचा आवाज ऐकल्याशिवाय माणसं घाटावरून हलत नाहीत. त्या सकाळी काका दारात आडवे उभे राहिले. कवटी फुटली नाही तर जीव आतच अडकतो, म्हणाले. मी जन्मभर त्यांच्यापुढे मान खाली घालत आलेला माणूस.

"अडकू द्या, काका," मी म्हणालो. "तिले वर्गातच राहाचं होतं."

गाडीचं दारही मीच उघडलं. नंतर निम्मे नातेवाईक भेटायला आले नाहीत. न येवोत.

आमच्या हुडकेश्वरच्या घरात, स्वयंपाकघराच्या खिडकीला तिनं चिकटवलेली ती फिल्म अजून तशीच आहे. परवा काका आले. आधी ते काढ, म्हणाले. मी काढली नाही, काढणारही नाही. चहा हातात दिला आणि खुर्ची मुद्दाम खिडकीसमोरच ठेवली. उन्हात रेघ लख्ख दिसत होती. काका बराच वेळ बघत राहिले... मग त्यांचा हात हळूच स्वतःच्या कपाळावर गेला.