लाल फितीची पिशवी

जपानातल्या सुवाच्या तळ्याकाठी हानाओकांचा पंपाचे व्हॉल्व्ह बनवणारा कारखाना आहे. छोटासाच. तिथल्या ऑफिसात चहापासून पगारापर्यंत सगळं कुरोइवाबाई बघतात. कॉम्प्युटरही त्याच बघतात, कारण पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा खोक्याला हात लावायची हिंमत फक्त त्यांनी केली होती. तेव्हापासून ते काम त्यांच्या गळ्यातच पडलं. बाई ठेंगणी, पण आवाज असा खणखणीत की लेथच्या गोंगाटातही ऐकू यावा. आणि पटलं नाही तर मालकांचंही ऐकून घेणार नाही!

मालकांचा एक हट्ट होता. संध्याकाळ झाली की सगळे लॅपटॉप लोखंडी कपाटात आणि कपाटाची किल्ली मालकांच्या गळ्यात. व्हॉल्व्हची ड्रॉइंग गिऱ्हाइकांच्या मालकीची. एखादं बाहेर फुटलं तर प्रत्येक गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन कमरेत वाकून माफी मागावी लागणार, ही त्यांची धास्ती. धास्ती काही खोटी नव्हती. पण विक्रीची पोरं कागदांचे गठ्ठे उराशी धरून गावोगाव हिंडायची, ते बघून बाईंचा जीव जळायचा.

त्यात सायोच्या आईला अर्धांगाचा झटका आला. सायो इगाराशी म्हणजे आमची ड्रॉइंग काढणारी. गुणी, पण भारी भिडस्त. एक दिवस बाईंजवळ येऊन हळूच म्हणाली, "वर्षअखेरीला नोकरी सोडते मी. दुपारनंतर आईला कोण बघणार?"

"सोडतेस? आणि काम घरी नेता आलं तर?"

"मालक लॅपटॉप नेऊ देतील?"

"न देऊन जातात कुठे!"

म्हणायला सोपं होतं. मालकांशी चांगली हुज्जत झाली, दोघांचेही चहा गार झाले. शेवटी मालक म्हणाले, "ठीक आहे. वर्षअखेरीपर्यंत करून बघा. पण एक जरी लॅपटॉप हरवला, कुणाचाही असो, तर कपाट बंद. कायमचं. हा माझा शब्द."

बाईंनी स्वतः खपून व्यवस्था लावली. सगळी ड्रॉइंग ऑफिसातल्या मोठ्या मशीनवरच राहणार; लॅपटॉपमधून ती फक्त दिसणार आणि तिथल्या तिथे दुरुस्त होणार. पासवर्ड आणि फोनवर येणारा आकडा, दोन्ही दिल्याशिवाय लॅपटॉप उघडणार नाही. भेटायला येणाऱ्यांचं वायफाय वेगळं, ऑफिसचं वेगळं. आणि शेवटचा नियम बाईंच्या डोक्यातला: बाहेर जाणाऱ्या प्रत्येक लॅपटॉपच्या पिशवीला लाल फीत, आणि फितीची पिशवी ज्याच्याकडे, त्याने त्या दिवशी दारूच्या थेंबाला शिवायचं नाही. आमच्याकडे लॅपटॉप चोर कशाला नेतील? पिऊन घरी निघालेले साहेब लोकच ते आगगाडीतल्या सामानाच्या फळीवर विसरून येतात. मालकांनी हसत हसत नियमाखाली आपला शिक्का उमटवला.

वर्षअखेरची मेजवानी आली. सायो आईजवळ शेजारणीला बसवून तासाभरासाठी आली होती, मांडीवर लाल फितीची पिशवी. मधोमध हंडीत कोबी आणि मासे रटरटत होते आणि मालक साकेची, म्हणजे तांदळाच्या दारूची, बाटली घेऊन एकेकाला ओतत, स्वतःही घेत फिरत होते. मालकांच्या हातची कुणी नाकारत नाही, तशी रीतच नाही. सायोनं बिचारीनं दोन्ही हातांनी पेला पुढे केला. तेवढ्यात बाईंनी पेल्यावर तळवा ठेवला.

मालकांची बाटली हवेतच थांबली.

"कुरोइवासान, मी ओततोय," मालक म्हणाले.

"ओता की! माझ्यात ओता, हवी तेवढी. हिच्याजवळ फीत आहे."

"मालकापेक्षा फीत मोठी?"

"फितीवर शिक्का मालकांचाच आहे."

मालकांचे कान लाल झाले. "काय बाई आहे!" असं पुटपुटत त्यांनी बाईंचा पेला भरला. बाईंनी तो एका दमात रिकामा केला. मान ताठच होती.

वर्षभराचे फोटो दाखवायला मालकांनी स्वतःचा लॅपटॉप आणला होता. त्याच्या पिशवीला फीत नव्हती. मालकाला कसली फीत!

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक आले ते चेहरा पडलेला, गळ्यात मफलरही नाही.

"गाडीत राहिला," ते म्हणाले. "माझाच." गळ्यातली किल्ली काढून त्यांनी हातात घेतली. "मी शब्द दिला होता. कपाट बंद."

सायोनं आपला खण उघडला आणि पट्ट्या, पेन्सिली गोळा करायला घेतल्या. ते बघून बाईंचा पारा चढला.

"ए, ठेव ते खाली! कशाला हात लावायचा नाही." मग मालकांकडे वळल्या. "हरवला हे खरं. पण गेलं काय?"

"म्हणजे?"

"तुमच्या लॅपटॉपमध्ये काहीच नव्हतं. तोही मी बाकीच्यांसारखाच करून ठेवला. तुम्हाला विचारलं होतं, तुम्ही पेपर वाचता वाचता 'हं' म्हणालात. फोटोसुद्धा इथे ऑफिसात आहेत." बोलता बोलता त्यांनी आपल्या मशीनवरून तो लॅपटॉप कुलूपबंद करून टाकला. "नुसतं खोकं गेलंय. एकाही गिऱ्हाइकाच्या दारात वाकायला नको."

मालकांनी मोठा श्वास सोडला. "पण माझा शब्द..."

"शब्द पाळायचाय ना? मग जे चुकलं ते बंद करा. लॅपटॉप नाही चुकला, बाटली चुकली!"

मागे विक्रीच्या पोरांपैकी कुणीतरी फिसकन हसलं. मालकांनी तिकडे डोळे वटारले, मग त्यांनाच हसू फुटलं. किल्ली बाईंच्या टेबलावर ठेवून ते म्हणाले, "सायोसान, पेन्सिली जागेवर ठेवा." सायो तोंड झाकून रडायला लागली.

दुपारी मात्सुमोतो स्टेशनातून फोन आला. पिशवी फळीवर होती तशी सापडली होती. मालक स्वतः जाऊन घेऊन आले आणि सरळ बाईंपुढे उभे राहिले. "फीत द्या."

नव्या वर्षाची मेजवानी जानेवारीत झाली. सायो समोरच बसली होती. त्या दिवशी तिची पिशवी ऑफिसात होती म्हणून तिच्या पेल्यात साके होती. मालकांच्या मांडीवर मात्र पिशवी. कुरोइवाबाई मुद्दामच बाटली घेऊन त्यांच्यापाशी गेल्या आणि त्यांनी ती पेल्यावर वाकवली.

मालकांनी पेल्यावर तळवा ठेवला.

"फीत आहे," ते म्हणाले.

बाईंना काय वाटलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण डोळे भरून आले होते, ते सगळ्यांनी पाहिलं. मग नाक ओढून त्यांनी बाटली मालकांच्या हातात दिली आणि आपला पेला पुढे केला. "मग मला ओता."