हमरियाला माझ्याआधी कोण पोचलं?

मी नर्स होते. थांबलेल्या नाड्या रोज हातात धरलेल्या, त्यामुळे भुताखेताच्या गप्पा निघाल्या की मी सरळ उठून चहा टाकायला जायचे. तरी हे लिहितेय... कारण हे ऐकीव नाही, माझ्याच बाबतीत घडलंय.

सदुसष्ट-अडुसष्टचा हिवाळा असेल. मी आणि आमचे हे शारजात राहायचो. हे रेडिओ दुरुस्त करायचे, मी एका लहान दवाखान्यात. रत्नागिरीजवळच्या गावी अब्बा अंथरुणाला खिळलेले. तीन वर्षांपासून उजवी बाजू पूर्ण गेलेली. त्यांचे वडील, हसन मिस्त्री, गलबतं बांधायला शारजाकडे आले आणि परतलेच नाहीत. अब्बा तेव्हा पाच वर्षांचे. "तुझ्या बापाने तिकडे दुसरी केली," हे ऐकत ऐकतच ते म्हातारे झाले.

मी शारजाला निघताना अब्बा डाव्या हाताने माझं मनगट धरून म्हणाले होते, "बाय, कबर शोध. दुसरं घर सापडलं तरी लपवू नकोस."

एका शुक्रवारी सकाळी आम्ही शारजाच्या खाडीवर गेलो. तिथे गलबतं बांधणारा एक म्हातारा होता, मुंबईच्या फेऱ्या केलेला, हिंदी बोलणारा. मी आजोबांचं नाव घेताच तो वैतागला.

"हसन मिस्त्री हमरिया में दफन है. परसों तुम्हारे बूढ़े को बताया ना!"

"कौन बूढ़ा?"

"वही... एक हाथ छाती से लगा हुआ. बोला, मेरा बाप है."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. हे म्हणाले, "दुसरा कोणी असेल गं." मी म्हाताऱ्याला हमरियाची वाट विचारून घेतली.

हमरिया किनाऱ्यावरचं लांबचं खेडं, तेव्हा तिथे रस्ता नव्हता. ओहोटी बघून ओल्या वाळूवरून लँड रोव्हर न्यायची. पोचलो तेव्हा दुपार झाली होती. मशिदीशेजारच्या घरात उम्म सालेम नावाची म्हातारी भेटली. दवाखान्यात शिकलेल्या अरबीत मी विचारायला सुरुवात केली, तर ती मधेच म्हणाली, "आत्ताच गेला तो कबरस्तानाकडे. मी पाणी दिलं, प्यायला नाही. तुझा कोण?"

मी तशीच कबरस्तानाकडे चालत सुटले.

वाळूत पावलं होती. डावा पाय उमटलेला, आणि त्याच्या शेजारी, पाय ओढत नेल्यावर पडते तशी लांब रेघ. पक्षाघाताचे पेशंट असेच चालतात, हे मला कोणी शिकवायला नको. ती रेघ एका कबरीच्या दोन साध्या दगडांपाशी जाऊन संपली. पुढे काही नाही, परतीची पावलंही नाहीत! चारी बाजूंना उघडं वाळवंट. माणूस लपणार कुठे? ह्यांनी माझा दंड घट्ट धरला.

मागून उम्म सालेम आली. म्हणाली, "हाच तो हिंदी सुतार. मी लहान होते. आमच्याच घरी तापाने गेला. शेवटपर्यंत मुलाला हाका मारत होता."

"बायको? इथली?"

"कुठली बायको! पुढच्या गलबताने घरी जायचं होतं त्याला."

मी तिथेच बसून रडले. फातिहा पढलो, आणि त्याच संध्याकाळी अब्बांना पत्र लिहिलं. ते पोचायच्या आधीच भावाचं पत्र आलं, त्याच शुक्रवारी लिहिलेलं. "आज अब्बा परवासारखेच दुपारभर गाढ झोपले. उठल्यावर म्हणाले, 'माझा बा तापाने गेला रे, दुसरं लग्नबिग्न काही नव्हतं.' त्यांना भ्रम झालाय का? तू काय ते कळव."

पुढच्या वर्षी रजेवर गेले तेव्हा अब्बांना एकांतात विचारलं. ते म्हणाले, "नको विचारू, बाय. त्या वाळूत चालून हा पाय अजून ठणकतो."

त्यांनी उजव्या पायावर हात ठेवला होता. मी नर्स... न राहवून त्याच पायाच्या तळव्याला टाचणी टोचली. त्यांना कळलंसुद्धा नाही. याचा अर्थ कसा लावायचा, मला आजतागायत समजलेलं नाही.